खाच उलट्या अंगाला

भोसरीतल्या शेडमध्ये नवीन होतो. अमेरिकन गिऱ्हाइकाचं ब्रॅकेटचं ड्रॉइंग आलं. मापं पाहिली, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) पाहिले, जॉब मिलिंग मशीनला लावला. सहा नग झाल्यावर क्वालिटीवाले काका म्हणाले, "अरे, खाच उजव्या अंगाला हवी होती!" मापं मात्र एकूण एक बरोबर.

घोळ टायटल ब्लॉकमधल्या, म्हणजे ड्रॉइंगच्या माहितीच्या चौकटीतल्या, नखाएवढ्या चिन्हात होता. वस्तूच्या कुठल्या बाजूचं चित्र (व्ह्यू) कागदावर कुठे काढायचं, याची पद्धत ते सांगतं. आपल्याकडे फर्स्ट अँगल शिकवतात, त्यात उजवीकडून दिसणारा व्ह्यू डावीकडे काढतात. अमेरिकेत थर्ड अँगल; तिथे तो उजवीकडेच. मी उजवीकडचा व्ह्यू आपल्या पद्धतीने डाव्या अंगाचा समजलो. चिन्हात टोक कापलेला शंकू आणि एकात एक दोन वर्तुळं असतात; वर्तुळं शंकूच्या रुंद टोकाशेजारी असली तर फर्स्ट, अरुंद टोकाशेजारी असली तर थर्ड. फ्रंट व्ह्यूत (समोरच्या चित्रात) खाच कुठल्या अंगाला ते दाखवणाऱ्या, लपलेल्या कडांच्या डॉटेड लाइनही होत्या म्हणा, पण घाईत कोण बघतो!

आता जॉब बांधण्याआधी त्या चिन्हाला लाल पेनने गोल करतो. ते सहा नग रॅकखाली पडून आहेत, ड्रॉइंग उडू नये म्हणून ठेवायला बरे पडतात.