आधी गुंता, मग आंघोळ
लांब केसांच्या कुत्र्याच्या अंगावर जटा दिसल्या की आपण त्याला थेट नळाखाली धरतो. तिथंच चुकतं. ओला गुंता वाळताना आवळतो, पार घोंगडीसारखा घट्ट होतो.

कानामागं, काखेत, पट्ट्याखाली आधी चाचपून बघा. कातडीलगतचे केस एका हाताच्या चिमटीत धरा, म्हणजे ओढ कातडीला बसत नाही. चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळा, बोटांनी गुंत्याचे दोन-तीन भाग करा आणि स्टीलच्या कंगव्यानं टोकाकडून बुडाकडं या. अगदीच गोळा झाला असेल तर ट्रिमर. कात्री नकोच, गुंत्यात कातडी ओढली गेलेली असते, कळायच्या आत कापते.

आमच्याकडं परभणीत दिवाळीच्या सुमारास आखाड्यावरून, म्हणजे शेतातल्या गोठ्या-खोपटावरून, आलेलं कुत्रं म्हणजे कुसळं अन् सराट्यांचं पोतं! बोटांच्या बेचक्या रोज बघा. कुसळ मागं फिरत नाही, कातडीत आत आत सरकतं.

आणि उन्हाळ्यात पारा 42 वर गेला म्हणून पॉमेरेनियनचं मुंडण करू नका. त्याच्या केसांचा दुहेरी थर उन्हापासून आडोसा देतो, आणि भादरल्यावर कधीकधी पूर्वीसारखा येतच नाही.