डाय लावायच्या दोन दिवस आधी कानामागं लावून बघा

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या तोंडावर आमच्या मामानं नेहमीचाच डाय लावला, बारा वर्षं तीच पुडी, दुसऱ्या दिवशी कपाळ चरचरायला लागलं आणि तिसऱ्या दिवशी डोळ्यांच्या नुसत्या फटी राहिल्या. मामा म्हणतोय, "इतकी वर्षं काय झालं नाही, मग आताच कसं?"

तर असं आहे, बहुतेक काळ्या डायमध्ये पीपीडी असतंय, पॅराफेनिलिनडायमिन, म्हणजे रंग आणणारं रसायन. रेणू इतका बारीक की केसात घुसतोच, टाळूच्या कातडीतून पण खाली उतरतोय. वाटीत कालवलेला डाय बघता बघता तपकिरी होऊन काळा पडतो ना, तेव्हा पीपीडीचं ऑक्सिडेशन, म्हणजे ऑक्सिजनशी होणारी रासायनिक क्रिया, चालू असतंय आणि त्यात मधल्या टप्प्यावर अर्धवट बनलेले रेणू असतात ते खरे वांड, कातडीतल्या प्रोटीनला जाऊन चिकटतात. केरॅटिनोसाइट म्हणजे कातडीच्या मुख्य पेशी, त्यांच्यातलं एक एन्झाइम थोडं पीपीडी निकामी करून टाकतंय, पण जास्त आलं की ते पुरं पडत नाही. मग लँगरहान्स पेशी, म्हणजे कातडीतल्या पहारेकरी पेशी, ते चिकटलेलं प्रोटीन उचलून लिम्फ नोडमध्ये, म्हणजे रोगप्रतिकाराच्या गाठींमध्ये नेतात आणि तिथल्या टी पेशी, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, त्याची ओळख धरून ठेवतात. ही ओळख दुसऱ्या वेळी पटेल नाहीतर मामासारखी बारा वर्षांनी, पण एकदा पटली की सहसा जात नाही.

पुढच्या वेळी सूज यायला एक-दोन दिवस जातात, म्हणून अर्ध्या तासाची टेस्ट काही कामाची नाही बघा. पाकिटातल्या कागदावर सांगितलंय तसं थोडं मिश्रण कानामागं किंवा कोपराच्या आतल्या बाजूला एक रुपयाच्या नाण्याएवढं लावा, ४८ तास धुवू नका. मे महिन्यात आपल्याकडं घामानंच निघून जातंय त्यामुळं कानामागंच बरं. खाज, लाली, फोड, काहीही दिसलं तर धुवून टाका आणि तो डाय विसरा. आधी एकदा रिॲक्शन आलेल्यानं मात्र घरी टेस्ट करूच नये, सरळ स्किनच्या डॉक्टरकडं जावं.

लावायच्या दिवशी डोकं घासून धुवू नका, टाळूवर ओरखडा असंल तर पुढं ढकला. कपाळाला, कानाला व्हॅसलीन, हातात ग्लोव्ह्ज. वेळ पाकिटावरचीच, "अजून दहा मिनिटं ठेवू, चांगला चढंल" हे आमच्या घरातलं आवडतं वाक्य, ते बंद. भुवया-पापण्यांना तर अजिबात नाही.

अमोनिया फ्री लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका, पीपीडी वेगळं, ते तिथं पण असू शकतंय. काळी मेहंदी पण तशीच, खरी मेहंदी केशरी-लालसर रंगते, तासाभरात काळीभोर होत असंल तर त्यात हमखास काहीतरी मिसळलंय.

रिॲक्शन आलीच तर भरपूर पाण्यानं धुवा, चेहरा सुजला किंवा दम लागला तर थेट हॉस्पिटल, आणि पाकीट फेकू नका, डॉक्टरला दाखवायला लागतंय. मामानं फेकलं होतं, मग कचऱ्याच्या डब्यात मी शोधत बसलो.