ऑटोइम्यून आजारात प्रोबायोटिक: घरचं दही, औषधाची पुडी आणि नागपूरचा उन्हाळा

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस (सांध्यांचा), ल्युपस (अनेक अवयवांचा), हाशिमोटो (थायरॉइडचा), अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याचा) या ऑटोइम्यून आजारांत प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, ती आपल्याच शरीरावर उठलेली असते. त्यामुळे 'इम्युनिटी वाढवा' असं लिहिलेला प्रोबायोटिकचा, म्हणजे उपयोगी जिवंत जिवाणूंचा, डबा इथे कामाचा नाही. हवा असतो तो लगाम, आणि तो प्रतिकारशक्तीला आवरणाऱ्या टी-रेग पेशींच्या हाती असतो. या पेशी तयार व्हायला ब्युटिरेट नावाचं आम्ल मदत करतं, असं मुख्यतः उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. ब्युटिरेट बनतं मोठ्या आतड्यात, तंतुमय अन्न आंबवणाऱ्या जिवाणूंकडून. दह्यातले जिवाणू ते जवळजवळ बनवत नाहीत. म्हणून ताटात ज्वारीची भाकर, सालासकट मूग, जवसाची चटणी नसेल, तर नुसत्या दह्याने अर्धंच काम होतं.

अपेक्षा मात्र बेताची ठेवा. आर्थ्रायटिसच्या काही छोट्या चाचण्यांत सीआरपी (रक्तातली सूज दाखवणारं प्रथिन) थोडं उतरलं, काहींत फरकच पडला नाही. अल्सरेटिव्ह कोलायटिस शांत ठेवायला ई. कोलाय निस्ल 1917 हा जिवाणू मेसालामीन या नेहमीच्या औषधाच्या तोडीचा ठरला. क्रोन्स या आतड्याच्या दुसऱ्या आजारात असा फायदा सिद्ध झालेला नाही. डॉक्टरांची गोळी बंद करून प्रोबायोटिकवर भिस्त ठेवली, तर सांध्यांचं कायमचं नुकसान होऊ शकतं.

घरचं दही लावायचं तर अर्धा लिटर दूध चांगलं उकळून घ्या. कच्च्या दुधातून टीबी आणि ब्रुसेलोसिस येऊ शकतात. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर हा धोका आणखी वाढतो. दूध 40 ते 43 अंशांवर आलं की, म्हणजे करंगळी बुडवून दहा आकडे मोजता येतील इतकं कोमट झालं की, विरजण लावा. 50 च्या पुढे विरजण मरतं. मे महिन्यात अर्धा चमचा पुरतो आणि चार-पाच तासांत दही लागतं. लागल्या लागल्या फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर राहिलं तर जिवाणू आम्ल बनवतच राहतात, दही आंबट होतं, पाणी सुटतं आणि जिवाणूही हळूहळू मरतात. डिसेंबर-जानेवारीत एक चमचा विरजण घ्या आणि गंज (पातेलं) जाड कापडात गुंडाळून रात्रभर ठेवा. तार सुटत असेल तर विरजण बिघडलंय किंवा दूध फार थंड होतं. नवं विरजण आणा. गुलाबी डाग किंवा बुरशी दिसली तर सगळंच फेका, वरचा थर काढून खाऊ नका. कढीत जिवाणू मरतात, त्यामुळे ती या हिशेबात धरू नका; मठ्ठा चालतो.

पुडी किंवा कॅप्सूल घेताना जिवाणूच्या प्रजातीपुढे स्ट्रेनचं (उपप्रकाराचं) नाव किंवा क्रमांक आहे का ते बघा. नुसतं 'लॅक्टोबॅसिलस' लिहिलं असेल तर ते अपुरं. सीएफयू (जिवंत जिवाणूंची संख्या) कालबाह्यतेच्या तारखेपर्यंतचे दिलेत का तेही पाहा: 10 बिलियन म्हणजे 1000 कोटी. '25 अंशांखाली ठेवा' असं लिहिलेला माल एप्रिल-मेमध्ये कुरिअरने मागवू नका. पंचेचाळिशीच्या उन्हात गाडीत तापल्यावर आत किती जिवंत उरेल याची खात्री नसते. ओळखीच्या दुकानातून, दुपार टाळून घ्या.

एका वेळी एकच गोष्ट सुरू करा. वहीत रोज दोन नोंदी: सकाळचा सांध्यांचा ताठरपणा किती मिनिटं टिकला आणि पोट कसं होतं. पहिल्या आठवड्यात गॅस होऊ शकतो. तंतुमय अन्न हळूहळूच वाढवा. कोलायटिस भडकलेला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. बारा आठवड्यांत काहीच फरक नसेल तर बंद करा, पैसे वाचतील.

वेळा सांभाळा. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, फक्त पाण्यासोबत. दही नाश्त्यानंतर किंवा जेवणात. डॉक्सिसायक्लीन किंवा सिप्रोफ्लॉक्सासीन हे अँटिबायोटिक चालू असेल तर दह्यातलं कॅल्शियम औषध अडवतं, दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. आणि आर्थ्रायटिससाठी दिलेलं मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच. रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं.

जास्त डोसचं स्टेरॉइड, रिटुक्सिमॅब किंवा सायक्लोफॉस्फामाइड चालू असेल, पांढऱ्या पेशी कमी असतील किंवा मोठ्या शिरेत नळी असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुडी घेऊ नका. अशा रुग्णांत क्वचित हेच जिवाणू, आणि सॅकरोमायसीस बुलार्डी हे यीस्टसुद्धा, रक्तात उतरल्याच्या नोंदी आहेत. ताप 100.4 फॅरनहाइटला पोचला की पुडी थांबवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत जा की खासगीत, रिकामं पाकीट सोबत न्या: त्यावरचं स्ट्रेनचं नाव कळलं की रक्ताच्या कल्चरमध्ये (रक्तातले जंतू वाढवून पाहायच्या तपासणीत) काय शोधायचं ते लॅबला समजतं.