म्युनिकची डुंकेल घरी करताना: खरी मेहनत मॅश उकळण्यात

‘काळं भाजलेलं माल्ट मूठभर टाका, झाली डुंकेल’ असं सांगणाऱ्याचं पुढचं काही ऐकू नका. अशा माल्टनं (म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीनं) रंग येतो, पण चव कडवट कॉफीची. जर्मनीतल्या बव्हेरियाच्या या गडद लागरला, म्हणजे थंडीत आंबवलेल्या बिअरला, पावाच्या खरपूस कडेची चव लागते. ती येते म्युनिक माल्टमधून आणि मॅश, म्हणजे भरडलेलं माल्ट आणि गरम पाण्याचं मिश्रण, उकळण्यातून.

जर्मनीत 2024 पासून वर्षाला 500 लिटर घरगुती बिअर करमुक्त आहे. महाराष्ट्रात विनापरवाना करणं गुन्हा आहे, तेव्हा तिथे हे फक्त वाचा.

20 लिटरसाठी पाच किलो म्युनिक माल्ट भरडून 15 लिटर गरम पाण्यात कालवा. मिश्रण 64 अंशांवर यायला हवं. अर्धा तास झाकून ठेवा.

आता डिकॉक्शन, म्हणजे मॅशचा काही भाग काढून उकळणं. मला सगळ्यात जास्त छळलं ते इथेच. थर्मामीटर नव्हते तेव्हाची ही युक्ती: ठरावीक भाग उकळून परत ओतला की सगळा मॅश दरवेळी जवळपास तेवढाच तापतो. तळाचा दाट भाग, साधारण एक तृतीयांश, झाऱ्यानं दुसऱ्या पातेल्यात काढा. वरचं पाणी घेऊ नका. उकळायचे दाणे आहेत, पिठाची साखर करणारे एन्झाइम वरच्या पाण्यात आहेत आणि ते जगायला हवेत. मंद आचेवर 72 अंशांपर्यंत न्या, 15 मिनिटं थांबा, मग 20 मिनिटं उकळा.

या वेळात फोन उचलायचा नाही. लाकडी उलथन्यानं तळ खरवडत राहा. खाली लागलेल्या खिरीसारखा वास आला तर पातेलं बदला, तळ खरवडून वर आणू नका. पातेलं जाड बुडाचंच हवं.

परत ओतताना घाई नको. थोडं ओता, ढवळा, मोजा. 72 अंश झाले की थांबा. उरलेलं निवल्यावर घाला. सगळं एकदम ओतलंत आणि मॅश 80 च्या वर गेला, तर एन्झाइम मेले म्हणून समजा.

वीस मिनिटांनी गाळा, दाणे गरम पाण्यानं धुवा, 40 ग्रॅम हालरटाउ हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) घालून तासभर उकळा, थंड करा.

आंबवायला लागर यीस्टची दोन पाकिटं, 10 अंश, दोन आठवडे. 1553 मध्ये ड्यूक आल्ब्रेख्त पाचव्यानं 23 एप्रिल ते 29 सप्टेंबर बिअर करायला बंदी घातली. थंडीत काम करणारं यीस्ट बव्हेरियात टिकलं त्यात या बंदीचा मोठा हात. त्यामुळे ‘खोलीच्या तापमानालाही चालतं’ हे मला सांगू नका. शेवटी दोन दिवस 16 अंशांवर ठेवा, नाहीतर लोण्याचा वास राहतो. मग शून्याच्या आसपास सहा आठवडे.