सीवीडच्या तराफ्यावर कोण कोण राहतं ते कसं बघायचं

सीवीडची, म्हणजे समुद्री शेवाळाची, शेती म्हटलं की किती किलो निघालं आणि काय भाव मिळाला एवढंच बोललं जातं, त्या शेवाळावर जे जीव राहायला येतात त्यांची नोंद फार कमी लोक ठेवतात, खरंतर ते अवघड नाहीये. तामिळनाडूत मंडपमच्या बाजूला पाल्क बेमध्ये कप्पाफायकस नावाचं सीवीड लावतात, ३ मीटर बाय ३ मीटरचा बांबूचा तराफा, त्यावर दोऱ्यांना बांधलेले तुकडे आणि ४५ दिवसांच्या आसपास काढणी. तेच धरून सांगतेय.

आधी पिशवी. शेवाळ नुसतं हाताने वर उचललं की चपळ जीव पाण्यातच सटकतात आणि आपल्याला वाटतं यावर काही नव्हतंच, म्हणून बारीक जाळीची पिशवी पाण्यातच खालून चढवायची, तोंड आवळायचं आणि मगच गड्डा दोरीवरून सोडवायचा. बादलीत समुद्राचंच पाणी घ्या, नळाचं अजिबात नको, त्यात हे जीव मरतात. गड्डा चांगला खळबळवा, पाणी अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून गाळा, उरेल ते पांढऱ्या ताटलीत थोड्या खाऱ्या पाण्यात सोडा आणि मोबाईलला मॅक्रो लेन्स लावून फोटो काढा. शेवाळ निथळून वजन करून ठेवा, म्हणजे किलोमागे किती जीव ते कळतं. मोजून झालं की सगळे परत पाण्यात.

आणि त्याच तराफ्यावर त्याच दिवशी एक रिकामी दोरी बांधा, प्लीज हे विसरू नका! बार्नेकल (टणक कवचाचे, एका जागी चिकटून राहणारे जीव), कालवं दोरीवर आणि बांबूवरही धरतात, त्यामुळे शेवाळामुळे नक्की कोण आलं हे रिकाम्या दोरीशी ताडून बघितल्याशिवाय सांगता येत नाही.

ताटलीत बहुतेक वेळा पाठीत वाकलेले, कोळंबीसारखे बारके ॲम्फिपॉड दिसतील, काडीसारखे उभे राहणारे स्केलेटन श्रिंप, छोट्या गोगलगायी, अळीसारखे समुद्री किडे, कधी ब्रायोझोआची, म्हणजे चिकटून वसाहत करणाऱ्या बारक्या जिवांची, पांढरी जाळीदार खपली. हायड्रॉइडची झुडपं (दिसायला झुडूप, पण असतात प्राणी) हाताला चुणचुणतात, हातमोजे घाला. मला यात ॲम्फिपॉड सगळ्यात मोलाचे वाटतात, कारण ते शेवाळावरचा बारीक थर आणि कुजका गाळ खातात आणि त्यांना माशांची पिल्लं खातात, म्हणजे तराफ्याखाली पिल्लं घुटमळतात ती फक्त लपायला नाही, जेवायलाही.

म्हणून दिसेल ते खरवडत बसू नका. केसांसारखं लाल तंतुमय शेवाळ मात्र हाताने काढाच, ते आत रुतून पिकावर खड्यांसारखे उंचवटे उठवतं आणि पुढचं बियाणं खराब करतं. पांढरा पडून मऊ झालेला भाग म्हणजे आइस-आइस नावाचा रोग, तो भाग कापून किनाऱ्यावर आणा. आणि सगळे तराफे एकाच दिवशी काढू नका, काढताना गड्डा पाण्यातच झटका, सुटलेले जीव शेजारच्या तराफ्यावर जातील.

तराफ्याखाली काय आहे हेही डुबकी मारून बघा. कप्पाफायकस आपल्याकडचं नाही, मन्नारच्या आखातात कुरुसडई बेटापाशी ते प्रवाळावर पसरल्याचं २००८ मध्ये नोंदलं गेलंय, खाली प्रवाळ किंवा समुद्री गवत असेल तर वरच्या जिवांचा आकडा कितीही चांगला येऊ दे, तराफा तिथून हलवायचा, आणि तुटलेले तुकडे पाण्यात न सोडता जाळीत गोळा करून आणायचे.