भूत खरे की भास? न लागणारा निकाल कसा पाहावा

पडद्यावरचे भूत खरे आहे की पाहणाऱ्याच्या मनाचा खेळ आहे, हे शेवटपर्यंत कळू न देणारा चित्रपट पाहताना पहिल्या अर्ध्या तासातच निकाल लावून मोकळे होऊ नये. साहित्य-सिद्धान्तकार त्झ्वेतान तोदोरोव यांनी १९७०च्या आपल्या ग्रंथात अद्भुताची जागा या न लागलेल्या निकालातच दाखवली आहे: घटनेचा नैसर्गिक उलगडा झाला की ती नुसती विचित्र ठरते, अलौकिक म्हणून मान्य केली की ती चमत्कारात जमा होते, आणि मधल्या काळात मन घुटमळते तेवढेच अद्भुत.

सरावासाठी जॅक क्लेटन यांचा १९६१चा 'द इनोसंट्स' घ्यावा. तो मोबाइलवर पाहू नये, कारण छायालेखक फ्रेडी फ्रान्सिस यांनी सिनेमास्कोपच्या रुंद चौकटीच्या कडा रंगवलेल्या फिल्टरने काळवंडून टाकल्या आहेत आणि नजर सतत त्या काळोखाकडे ओढली जाते. खोलीत पूर्ण अंधार करावा आणि आवाज आधीच नीट लावावा. चित्रपटाची सुरुवातच काळ्या पडद्यावर ऐकू येणाऱ्या गाण्याने होते.

पहिल्यांदा तो न थांबवता पाहावा. दुसऱ्यांदा मात्र वही जवळ घ्यावी आणि आकृती दिसेल तेव्हा ती कोणाला दिसली, जवळच्या दुसऱ्या कोणाला दिसली का, आणि पडद्यावर आधी मुलांना शिकवायला त्या घरी राहायला आलेल्या मिस गिडन्सचा चेहरा आला की आकृती, हे टिपून ठेवावे. पोटमाळ्यावर तिला क्विंट या घरातल्या मेलेल्या नोकराची लहानशी तसबीर सापडते आणि त्यानंतर खिडकीच्या काचेपलीकडे त्याचा चेहरा स्पष्ट उमटतो. हा क्रम शंकेला पुरेशी जागा ठेवतो. घर सांभाळणाऱ्या मिसेस ग्रोस यांना तर ही भुते एकदाही दिसत नाहीत.

सर्वांत जास्त वेळ पाटीच्या दृश्याला द्यावा. अभ्यासाच्या खोलीत मिस जेसल, म्हणजे मुलांची आधीची, आता हयात नसलेली शिक्षिका, रडताना दिसते, नाहीशी होते, आणि मागे पाटीवर पाण्याचा एक थेंब उरतो. मिस गिडन्स त्याला बोट लावते. भास असेल तर अश्रू ओला कसा, असे वाटून आपण भुताच्या बाजूला झुकतो. पण तो थेंब पाहणारी आणि त्याला स्पर्श करणारी पुन्हा तीच एकटी आहे, हे वहीत लिहिताना लक्षात येते. मला या एका थेंबात क्लेटन यांचे सारे कसब दिसते, आणि म्हणूनच हे दृश्य चर्चेला घ्यायचे असेल तर ते आधी पुन्हा एकदा, आवाज बंद करून, सर्वांना दाखवावे.