अमेरिकेत साहित्य किंवा इतिहासात पीएचडी करायचीय? अर्जाला बसण्याआधी हे वाचा

ऑगस्ट लागला की मला दोन-चार फोन ठरलेले. कोणी लग्नानंतर एच-४ वर (नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर) नुकतीच आलेली असते, कोणी इथे एमए करत असतो. "ताई, इतिहासात पीएचडीला अर्ज करायचाय, जीआरईचा क्लास कुठला लावू?" क्लास लावूच नका. अमेरिकेत साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान, धर्माभ्यास या विषयांच्या पुष्कळ डिपार्टमेंट्सनी जीआरई ही प्रवेशपरीक्षा मागणं सोडून दिलंय. जे मागतात त्यांच्यापुरती द्या, पण ऑगस्ट ते ऑक्टोबर तिच्यात घालवू नका. ते महिने लिखाणाला लागणार आहेत.

आपण सगळे गुणपत्रिकेच्या राज्यात वाढलो. पहिला वर्ग, विद्यापीठात दुसरी, वक्तृत्वाची ढाल. इथल्या प्रवेश कमिटीपुढे अशा हुशार मुलांची रास पडलेली असते. त्यांना बघायचं असतं ते एवढंच, की या माणसाकडे पाच-सहा वर्षं पुरेल असा प्रश्न आहे का आणि त्याच्या मागे लागायला लागणारी हत्यारं आहेत का.

मला हे कळायला एक वर्ष लागलं. पहिल्या खेपेला आठ अर्ज केले, आठही ठिकाणांहून नकार. तेव्हाचा एसओपी, म्हणजे काय संशोधन करायचंय आणि का ते सांगणारं अर्जासोबतचं निवेदन, अजून जपून ठेवलाय. पहिलं वाक्य: "मला लहानपणापासून इतिहासाची आवड आहे." मग आजोबांचं पुस्तकांचं कपाट, मग बक्षिसं, आणि शेवटी "आपल्या नामवंत विद्यापीठात संधी मिळाल्यास मी तिचं सोनं करीन". आज वाचताना कानाच्या पाळ्या गरम होतात.

दुसऱ्या वर्षी सुरुवात अशी होती: "१८४८ पासून 'प्रभाकर' साप्ताहिकात 'लोकहितवादी' या सहीनं पत्रं छापून येऊ लागली. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख स्वतः ब्राह्मण, आणि पत्रांत ब्राह्मणांवर सडकून टीका. टोपणनावामुळे त्या काळच्या लेखकाला काय बोलता आलं, आणि बिननावाच्या पत्रावर वाचक किती भरवसा ठेवत होते?" पुढच्या परिच्छेदात यासाठी कुठली नियतकालिकं वाचावी लागतील ते, त्याच्या पुढच्यात यावर आधी काय लिहिलं गेलंय आणि माझं त्याच्याशी कुठे पटत नाही ते, आणि शेवटी याच डिपार्टमेंटला का यायचंय ते. 'आवड' हा शब्द एकदाही नाही. नाही म्हणायला प्रवेशानंतर माझा प्रश्न दोनदा बदलला. तो बदलतोच, आणि ते कमिटीलाही माहीत असतं. प्रश्न विचारता येतो एवढं त्यांना दिसलं की पुरे.

काही विद्यापीठं एसओपीशिवाय वेगळं पर्सनल स्टेटमेंट मागतात. आजोबांचं कपाट तिथे न्या.

रायटिंग सॅम्पल, म्हणजे तुमच्या संशोधनपर लिखाणाचा नमुना, साधारण १५ ते २५ पानांचं असतं, आणि अर्जातला सगळ्यात वजनदार कागद हाच. एमएचा अख्खा प्रबंध पाठवू नका. एक प्रकरण उचला, ते स्वतंत्र उभं राहील इतकं कापा-जोडा, आणि आधीचं-नंतरचं काय आहे ते वर चार ओळींत सांगा. आपल्याकडच्या प्रबंधात पहिली दहा पानं 'अमुक यांच्या मते, तमुक यांच्या मते' यात जातात. ती निम्म्याहून जास्त उडवा. तुमचा स्वतःचा दावा पहिल्या तीन पानांत दिसला पाहिजे. आणि तो एखाद्या उताऱ्यावर, एखाद्या दस्तावर, एकेका शब्दाशी थांबून सिद्ध करताना दिसलात तर फारच उत्तम. तळटीपा एकाच पद्धतीच्या ठेवा. इतिहासवाले सहसा शिकागो पद्धत वापरतात, साहित्यवाले एमएलए. मूळ लेख मराठीत असेल तर भाषांतर स्वतः करा, म्हणजे भाषांतर करताना युक्तिवादातली भोकं आपोआप दिसतात.

मराठीवरून आठवलं. भाषांच्या रकान्यात आपले लोक 'मराठी: मातृभाषा' एवढं लिहून मोकळे होतात. अहो, दक्षिण आशियावर काम करायचं असेल तर हे तुमचं भांडवल आहे! मोडी वाचता येते का? छापील की हस्तलिखितही? संस्कृत कितपत, फारसीची ओळख आहे का? जेवढं येतं तेवढंच लिहा, पण लिहा. मोडी येत नसेल तर आत्तापासून गिरवायला घ्या आणि 'शिकत आहे' असं प्रामाणिकपणे म्हणा.

आता शिफारसपत्रं. तीन लागतात, आणि ती शिकवलेल्या माणसांचीच हवीत. नात्यातल्या मोठ्या साहेबांचं पत्र काही कामाचं नाही. भारतातले सर पुष्कळदा म्हणतात, "तूच मसुदा करून आण, मी सही करतो." त्यांना वेळ नसतो, मान्य. पण तिन्ही पत्रं तुमच्याच हातची झाली की तिन्हींचा आवाज एक येतो आणि अनुभवी वाचकाला ते लगेच कळतं. शिवाय आपल्याकडची पत्रं विद्यार्थ्याला 'प्रामाणिक, कष्टाळू आणि आज्ञाधारक' ठरवतात. आज्ञाधारक माणूस संशोधनात काय करणार? त्याऐवजी सरांना एसओपीचा मसुदा, त्यांच्याच वर्गात लिहिलेला निबंध, आणि वर्गातल्या एखाद्या वादाची आठवण करून देणाऱ्या चार ओळी पाठवा. किमान सहा आठवडे आधी.

पत्र अपलोड करण्याची लिंक विद्यापीठाकडून थेट त्यांनाच जाते. माझ्या एका सरांना ती मिळालीच नाही. ते मधल्या काळात निवृत्त झाले होते, कॉलेजचा ईमेल बंद पडला होता आणि मी फॉर्मवर तोच घातला होता. मुदतीला तीन दिवस राहिले असताना हे कळलं. तेव्हा पत्ता आधी विचारून घ्या आणि स्पॅम बघायला सांगा. फॉर्मवर 'पत्र पाहण्याचा हक्क सोडत आहे' असा एक चौकोन असतो, त्यावर खूण करा. उमेदवार वाचणार नाही हे माहीत असलं की लिहिणारा मोकळेपणानं लिहितो.

गुणांचं रूपांतर स्वतः करू नका. ६२ टक्क्यांचे 'जीपीए २.५' करून स्वतःचंच नुकसान करणारे पाहिलेत. आहेत ते गुण द्या आणि मार्कशीटच्या मागची श्रेणींची पट्टी स्कॅन करून जोडा.

पैशाचं सरळ सांगते: मानव्यविद्यांची पीएचडी पदरचे पैसे घालून करू नका. नीट फंडिंग म्हणजे फी माफ, स्टायपेंड आणि आरोग्य विमा. बदल्यात काही सत्रं शिकवायचं. एमएला मात्र बहुधा स्वतःच भरावे लागतात. पीएचडी नाकारून 'त्याऐवजी आमच्या एमएला या' असं पत्र आलं तर हुरळून जाण्याआधी आकडा बघा. एच-४ वाल्यांनी हेही लक्षात घ्या: त्या व्हिसावर शिकता येतं, पण ईएडी (कामाचा परवाना) नसेल तर टीएशिपचा, म्हणजे शिकवण्यात मदत करण्याचा, पगार घेता येत नाही, कारण ते काम धरलं जातं. त्यासाठी एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो.

बऱ्याच मुदती १ ते १५ डिसेंबरच्या दरम्यान असतात. फी भरण्याआधी डिपार्टमेंटचं पान एकदा नीट वाचा, कारण २०२५ मध्ये काही मोठ्या विद्यापीठांनी या विषयांचे पीएचडी प्रवेश कमी केले, काहींनी त्या फेरीपुरते थांबवलेच. फीमाफी मिळते का हेही आधीच विचारा. एकदा भरलेले पैसे परत येत नाहीत. ज्यांच्या हाताखाली काम करायचंय त्या प्राध्यापकांना सप्टेंबरात पाच-सहा ओळींचा ईमेल टाका: प्रश्न काय, आणि यंदा विद्यार्थी घेताय का. उत्तर नाही आलं तरी अर्ज करा, निवड कमिटी करते.

निकाल फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. फंडिंगच्या ऑफरला उत्तर द्यायला बहुतेक ठिकाणी १५ एप्रिलपर्यंत मुदत असते, आधी घाई करत असतील तर नम्रपणे तारीख दाखवा. स्टायपेंड नऊ महिन्यांचा की बाराचा, हे त्याच ईमेलमध्ये विचारून घ्या. आणि जिथे जायचंच नाही तिथली ऑफर शेवटच्या दिवसापर्यंत धरून बसू नका. माझा फोन १४ एप्रिलला दुपारी वाजला होता, कोणीतरी त्याच सकाळी जागा सोडली म्हणून.